खोक्यावरचे आकडे आणि वापराची वर्षे

या महिन्यात आलेल्या बहुतेक पत्रांत एकच विचारणा निरनिराळ्या रूपांत आहे: नवे यंत्र घ्यावे का, आणि घ्यायचे तर काय पाहून घ्यावे? मी अकरावीला विज्ञान शाखेत शिकते आणि जुने फोन व लॅपटॉप उघडून दुरुस्त करणे हा माझा आवडता उद्योग आहे. त्यामुळे कोणतेही यंत्र मी ‘हे किती वर्षे चालेल?’ याच प्रश्नाने तपासते, आणि खालची उत्तरेही त्याच बाजूने दिलेली आहेत.

प्रश्न : मुलगी यंदा महाविद्यालयात जाणार असल्याने तिच्यासाठी वीस हजारांपर्यंतचा फोन घ्यायचा आहे. दुकानदार १०८ मेगापिक्सेलचा कॅमेरा आणि ‘८ अधिक ८’ जीबी रॅम असलेला फोन सुचवतो. आकडे मोठे म्हणजे फोन चांगला, असे समजावे का? (एक पालक, सांगली)

उत्तर : तसे समजू नये, कारण हे आकडे खरे असले तरी आपण ज्यासाठी पैसे मोजतो ते त्यांतून कळत नाही. १०८ मेगापिक्सेलचा सेन्सर नेहमीच्या वापरात सहसा शेजारशेजारच्या नऊ पिक्सेलांवर पडलेला प्रकाश एकत्र करून त्यांचा एक पिक्सेल बनवतो, त्यामुळे गॅलरीत जमा होणारा फोटो साधारण १२ मेगापिक्सेलचाच असतो. फोनमधला सेन्सर मुळातच लहान असतो. त्यावर कोट्यवधी पिक्सेल बसवले की प्रत्येकाच्या वाट्याला येणारा प्रकाश कमी होतो आणि तो असा गोळा करावा लागतो. घरातल्या ट्यूबलाइटच्या उजेडात फोटो कसा येईल हे सेन्सरच्या आकारावर, भिंगावर आणि हाताची थरथर सावरणारी ओआयएस ही सोय आहे की नाही यावर ठरते. म्हणून ५० मेगापिक्सेलचा, पण ओआयएस असलेला कॅमेरा मी १०८ च्या आधी निवडेन. मागच्या बाजूला कॅमेऱ्यांची संख्या वाढवण्यासाठी बसवलेल्या २ मेगापिक्सेलच्या मॅक्रो कॅमेऱ्याला तर मी काहीच किंमत देणार नाही.

‘८ अधिक ८’ मधली दुसरी आठ जीबी ही रॅम, म्हणजे चालू अ‍ॅप्ससाठीची वेगवान तात्पुरती स्मृती, नव्हेच. फोनच्या साठवणुकीतला एक भाग बाजूला काढून, मागे पडून राहिलेली अ‍ॅप्स त्यात ढकलली जातात. साठवणूक रॅमपेक्षा कितीतरी मंद असल्याने याचा उपयोग मर्यादित राहतो. त्यापेक्षा साठवणूक वेगवान यूएफएस प्रकारची आहे की जुन्या, मंद ईएमएमसी प्रकारची, हे दुकानदाराला विचारा. दोन वर्षांनी फोन अडखळू लागेल की नाही, याचा अंदाज त्या उत्तरावरून अधिक चांगला येतो.

सर्वांत महत्त्वाची चौकशी मात्र अपडेटची आहे. सुरक्षेचे अपडेट बंद झालेला फोन चालत राहतो, पण त्यात पुढे सापडणाऱ्या त्रुटी कोणी बुजवत नाही, आणि काही वर्षांनी बँकांची अ‍ॅप्सही जुन्या अँड्रॉइडवर चालेनाशी होतात. गूगलने २०२३ मध्ये पिक्सेल ८ साठी आणि सॅमसंगने २०२४ मध्ये एस२४ साठी सात वर्षांच्या अपडेटचे आश्वासन दिले, तेव्हा हे महागड्या फोनचेच वैशिष्ट्य वाटत होते; परंतु त्याच वर्षी आलेल्या गॅलेक्सी ए१६ ५जी या तुलनेने स्वस्त फोनलाही सहा वर्षांचे आश्वासन मिळाले. युरोपीय संघाने तर २० जून २०२५ पासून नियमच केला आहे की मॉडेलची विक्री थांबल्यानंतरही किमान पाच वर्षे अपडेट मिळाले पाहिजेत. आपल्याकडे असा नियम नाही, म्हणून ही विचारपूस ग्राहकानेच करायला हवी. कंपन्या ही वर्षे सहसा फोन बाजारात आल्यापासून मोजतात, आपण विकत घेतल्यापासून नव्हे. त्यामुळे सवलतीत मिळणाऱ्या दीड वर्ष जुन्या मॉडेलची खरी किंमत त्या दीड वर्षासह मोजावी.

प्रश्न : फोन रात्रभर चार्जिंगला लावल्यास बॅटरी फुटते, असे नातू सांगतो. हे खरे आहे का? (एक निवृत्त शिक्षक, सातारा)

उत्तर : आजोबा, चांगल्या स्थितीतला फोन आणि प्रमाणित चार्जर असेल तर भीतीचे कारण नाही, कारण बॅटरी भरली की फोनमधले सर्किट विद्युतप्रवाह स्वतःच थांबवते. नातवाच्या काळजीत तथ्य आहे ते वेगळ्या कारणाने. लिथियम-आयन बॅटरीला उष्णता आणि सतत शंभर टक्के भरलेले राहणे या दोन्ही गोष्टी सोसत नाहीत. त्यांनी ती लवकर म्हातारी होते. म्हणून फोन उशीखाली किंवा गादीवर ठेवून चार्ज करू नये, आणि सेटिंगमध्ये ८० टक्क्यांवर चार्जिंग थांबवण्याची सोय असल्यास ती सुरू करावी. आयफोन १४ आणि त्याआधीच्या फोनच्या बॅटऱ्या पाचशे पूर्ण आवर्तनांनंतर (एक आवर्तन म्हणजे एकूण शंभर टक्के चार्ज वापरला जाणे), तर आयफोन १५ पासूनच्या एक हजार आवर्तनांनंतर मूळ क्षमतेच्या ८० टक्के राहाव्यात अशा बनवल्या आहेत, असे ॲपल सांगते. म्हणजे दोन-तीन वर्षांनी बॅटरी उतरणे हा दोष नसून तिचा स्वभाव आहे, आणि तेवढ्यासाठी फोन टाकून न देता अधिकृत केंद्रातून बॅटरी बदलून घ्यावी.

चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह आणि ‘आर’ अक्षराने सुरू होणारा नोंदणी क्रमांक असतो. तो ब्युरोच्या बीआयएस केअर या अ‍ॅपमध्ये टाकला की खरा की खोटा हे लगेच कळते. रस्त्यावरचा स्वस्त चार्जर घेऊन कोणी रात्रभर फोन लावत असेल, तर मी नातवाच्याच बाजूने बोलेन.

प्रश्न : आठ-नऊ वर्षांपूर्वीचा लॅपटॉप विंडोज ११ घेत नाही आणि सुरू व्हायला पाच मिनिटे लावतो. कार्यालयातली पत्रे मराठीत टंकलिखित करण्यापलीकडे काम नाही. नवा घ्यावा का? (एक वाचक, परभणी)

उत्तर : एवढ्या कामासाठी नवा घेऊ नये, असे माझे ठाम मत आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षा-व्यवस्था आणि इंटेलचा असल्यास साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो, त्यामुळे आपल्यासारखे कितीतरी धडधाकट लॅपटॉप केवळ मायक्रोसॉफ्टच्या यादीत प्रोसेसरचे नाव नाही म्हणून बाद ठरले आहेत. याचे मला मनापासून वाईट वाटते, कारण त्यांतले बरेचसे यंत्र म्हणून मुळीच मोडलेले नाहीत.

पाच मिनिटे लागण्याचे कारण बहुधा प्रोसेसर नसून हार्ड डिस्क आहे. तिच्यात फिरत्या तबकडीवरच्या योग्य जागी वाचकशीर्ष प्रत्यक्ष सरकून जावे लागते, आणि सुरू होताना संगणक हजारो लहान फाइली शोधतो. तिथे साधी साटा प्रकारची एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपवरची साठवणूक) बसवली की हे सरकणेच संपते, आणि तोच लॅपटॉप अर्ध्या मिनिटाच्या आसपास कामाला तयार होऊ शकतो. रॅम चार जीबी असेल तर ती आठ करून घ्यावी. त्यानंतर विंडोजऐवजी लिनक्स मिंटसारखी विनामूल्य प्रणाली टाकल्यास सुरक्षेचे अपडेट मिळत राहतात. तिच्यात मराठीचा इनस्क्रिप्ट कळफलक आणि पत्रे लिहिण्यासाठीचे लिबरऑफिस दोन्ही चालतात. आधी सर्व कागदपत्रे वेगळ्या डिस्कवर उतरवून ठेवावीत. जुनी पत्रे युनिकोडऐवजी एखाद्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असतील, तर ती आधी युनिकोडमध्ये बदलून घ्यावीत. लॅपटॉपचा तळ फुगलेला दिसला, तर मात्र तो चार्जिंगला न लावता थेट दुरुस्तीकडे न्यावा, कारण फुगलेली बॅटरी धोक्याची असते.

प्रश्न : मी नववीत आहे. वर्गात सगळ्यांकडे वायरलेस इअरबड्स आहेत. हजार रुपयांत कोणते घेऊ? (एक विद्यार्थी, पुणे)

उत्तर : तुझ्या फोनला ३.५ मिमीचे छिद्र असेल तर तू वायरचे इअरफोन घे, असे मी सुचवेन. हजार रुपयांत वायरच्या इअरफोनमध्ये जवळजवळ सगळा पैसा आवाजाकडे जातो. इअरबड्समध्ये तोच पैसा दोन लहान बॅटऱ्या, ब्लूटूथ चिप आणि डबी यांत वाटला जातो. शिवाय त्या बॅटऱ्या आत चिकटवलेल्या असल्याने त्या उतरल्या की बदलता येत नाहीत. ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा पोहोचतो, हेही गेम खेळताना तुझ्या लक्षात येईल. वर्गातल्या सगळ्यांकडे असलेली वस्तू आपल्याकडे नसताना कसे वाटते, हे मला चांगले ठाऊक आहे, तरीही माझे मत हेच राहील.

प्रश्न : आयपी६८ लिहिलेला फोन कोकणातल्या पावसात निर्धास्त वापरता येईल का? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर : भिजल्यास वाचेल, पण निर्धास्त राहू नये. आयपी६८ हे धूळ आणि पाणी यांपासूनच्या संरक्षणाचे मानांकन आहे, आणि त्याची चाचणी नव्या फोनवर, गोड्या आणि संथ पाण्यात होते. समुद्राचे पाणी तिच्यात धरलेले नसते, आणि आतली रबरी सीलबंदी वर्षागणिक सैल पडते. पाण्याने झालेला बिघाड बहुतेक कंपन्या वॉरंटीत धरत नाहीत. भिजलेला फोन तांदळात पुरू नये, कारण कण आत जाऊ शकतात. तो चार्जिंगचे तोंड खाली करून हवेशीर जागी ठेवावा आणि पूर्ण वाळेपर्यंत चार्जर लावू नये.

प्रश्न : ओळखीच्या दुकानातून जुना फोन घेत आहे. तो चोरीचा नाही, हे कसे ओळखावे? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : फोनवर स्टार-हॅश-शून्य-सहा-हॅश दाबल्यास पंधरा आकडी आयएमईआय क्रमांक, म्हणजे त्या फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक, दिसतो. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर किंवा अ‍ॅपमध्ये तो टाकल्यास फोनचे मॉडेल आणि क्रमांक वैध आहे की रोखलेला, हे कळते. पडद्यावर दिसणारा क्रमांक बिलावरच्या क्रमांकाशी जुळतो का ते पाहावे, आणि आधीच्या मालकाचे गूगल किंवा ॲपल खाते आपल्यासमोर काढून टाकल्याशिवाय पैसे देऊ नयेत.