घरच्या संगणकासाठी बेताच्या खर्चातला प्रोसेसर

प्रश्न : लेखन, हिशेब आणि मुलांचा अभ्यास यांसाठी घरी संगणक जुळवायचा आहे. खर्च बेताचा असताना प्रोसेसर कोणता घ्यावा?

उत्तर : आपल्या कामांना वेगळे ग्राफिक्स कार्ड (पडद्यावर चित्र उमटवणारा स्वतंत्र भाग) लागत नाही, म्हणून ग्राफिक्स अंतर्भूत असलेलाच प्रोसेसर घ्यावा. इंटेलचा चार कोअरचा (म्हणजे काम करणाऱ्या चार गाभ्यांचा) आय३-१२१०० या कामांना पुरून उरतो. मात्र त्याच क्रमांकापुढे ‘एफ’ असलेला प्रोसेसर स्वस्त दिसला, तरी त्यात ग्राफिक्स नसल्याने कार्डाविना पडद्यावर काहीच उमटत नाही, तेव्हा खोक्यावरचे ते अक्षर आवर्जून पाहावे. कार्ड न घेतल्याने वाचलेली रक्कम एसएसडीवर, म्हणजे माहिती साठवणाऱ्या वेगवान डिस्कवर, खर्चावी. अंतर्भूत ग्राफिक्स संगणकाची रॅमच (चालू कामाची स्मृती) वापरत असल्याने रॅमच्या १६ जीबीच्या एका पट्टीऐवजी ८ जीबीच्या दोन पट्ट्या घेणे हिताचे; दोन्ही एकत्र चालल्याने वेग मिळतो. पॉवर सप्लायमध्ये मात्र काटकसर मुळीच करू नये. मदरबोर्ड (सर्व भाग जोडणारा मुख्य फलक) डीडीआर४ प्रकारच्या रॅमचा की डीडीआर५ च्या, हेही आधी पाहावे. एकाची पट्टी दुसऱ्याच्या खाचेत बसत नाही.