फ्लॅटमधल्या आतल्या दरवाजांवर वाड्यासारखी नक्षी करता येईल का?

आतल्या दरवाजांच्या वरची भिंत ओकीबोकी दिसते, तिथे जुन्या वाड्यासारखं काही करता येईल का, आणि पीओपीत करावं की लाकडात, असं तुम्ही विचारलंय. नाशकातच राहता, तर कराच. आणि लाकडातच करा.

सुताराला बोलवण्याआधी एकदा पांडवलेणी चढून या. १८ क्रमांकाचं लेणं म्हणजे तिथलं चैत्यगृह, बौद्ध प्रार्थनेचं दालन. त्याच्या दारावरच्या कमानीत लाकडी बांधणीची नक्कल दगडात कोरलेली आहे. अखंड कातळाला कसला आलाय वाशांचा आधार? पण दारावरचा भार कशावर तरी टेकलाय हे डोळ्यांना दिसावं लागतं, आणि ते त्या कारागिरांना कळलं होतं. ३ क्रमांकाच्या विहाराचं, म्हणजे भिक्खूंच्या निवासाचं, दारही लाकडी तोरणाच्या घडणीचं आहे. मला ही दोन दारं कितीही वेळा पाहिली तरी पुरत नाहीत.

तुमच्या घरी हेच जपायचं. नक्षी भिंतीला चिकटवल्यासारखी दिसली की काम फसलं. ती चौकटीवर टेकलेली दिसली पाहिजे. पीओपीची तयार फुलं नेमकी इथेच कमी पडतात. दोन्ही बाजूंना उभ्या पट्ट्या घ्या आणि त्यांच्या डोक्यावर आडवी पट्टी सरळ ठेवा. कोपरे ४५ अंशांत कापून जोडायला सुतार सांगेल, पण नको. पावसाळ्यात लाकूड फुगतं, एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत आकसतं, आणि तो जोड उघडतो. उभी पट्टी ३ इंचांची असेल तर आडवी साडेचार इंचांची ठेवा, दोन्हीकडे अर्धा इंच बाहेर काढलेली. तिच्यावर आणखी एक बारीक पट्टी पुढे आणा. तिची सावली पडली की साधं लाकूडही कोरीव वाटायला लागतं.

नक्षी थोडीच हवी. मधोमध एखादं कमळ किंवा साधी वेल पुरे. गणेशपट्टीचा मान मुख्य दाराचा, आतल्या खोल्यांना ती नको. दार ७ फुटांचं आणि छत साडेनऊ-दहा फुटांवर, म्हणजे वर अडीच-तीन फूट भिंत उरते. ती भरून काढायचा मोह होतो, पण मोकळी सोडा.

बसवताना एका खोलीतल्या सगळ्या दारांवर पाणसळ लावून एकच रेघ मारून घ्या. दोन सूत, म्हणजे पाव इंच, फरकही लगेच डोळ्यात खुपतो. दारावर बहुधा काँक्रीटचं लिंटेल, म्हणजे आडवी तुळई, असतं, त्यामुळे हॅमर ड्रिल लागेल. भिंत एएसी ब्लॉकची, म्हणजे हलक्या सच्छिद्र सिमेंटच्या ठोकळ्यांची असेल तर ब्लॉकमध्ये साधी गट्टी धरत नाही, त्यासाठीचे वेगळे प्लग मिळतात. भोक पाडण्यापूर्वी इलेक्ट्रिशियनकडून वायरिंगचे पाइप कुठून गेलेत ते पाहून घ्या. बाथरूमच्या दारावर एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुश्याची दाबून केलेली फळी, अजिबात नको, वाफेने फुगतं. तिथे पीयूची (पॉलियुरेथेन या प्लास्टिकची) पट्टी लावून बाकीच्या दारांसारखाच रंग द्या.