मुलीचे सर फार ओरडतात, क्लब बदलावा का?

तुम्ही विचारलंय की मुलगी तेरा वर्षांची, इथंच इंदुरात खो-खो खेळते, सर सतत ओरडतात, वर ‘खेळाडू असेच घडतात’ म्हणतात, आणि पोरगी आता मैदानावर जायचं नाव काढत नाही. मी इथं मुलींना खो-खो शिकवते, त्यामुळे रोज समोर दिसतं तेच सांगते.

आवाज किती मोठा, ते सोडा. या खांबापासून त्या खांबापर्यंत ऐकू जायचं तर घसा ताणावाच लागतो. ओरडल्यानंतर पोरीला पुढं काय करायचं ते कळतं का, ते बघा.

खो मिळायच्या आधीच उठणं ही बसलेल्या मुलीची नेहमीची चूक. फाउल होतो, धावणारी निसटते. अशा वेळी ‘ध्यान कहाँ है तेरा?’ असं कुणी ओरडलं (आमच्याकडे मराठी माणूससुद्धा रागावतो हिंदीतच), की ती पुढच्या खेपेला घाबरून बसते. पाठीला हात लागतो, ‘खो’ ऐकू येतं, तरी उठायला उशीर करते. मग उशिरा उठली म्हणून परत बोलणी! त्याच आवाजात ‘हात लागल्यावर ऊठ, तोवर धावणारीच्या कमरेकडे बघ’ असं सांगितलं, की थोड्या वेळात जमायला लागतं. कंबर अशासाठी, की पायानं हुलकावणी देता येते, कमरेनं देणं अवघड.

अमेरिकेत जॉन वुडन नावाचे बास्केटबॉलचे प्रशिक्षक होते, बारा वर्षांत दहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवलेले. १९७४-७५ मध्ये थार्प आणि गॅलिमोर या दोन मानसशास्त्रज्ञांनी सरावाच्या वेळी त्यांचं बोलणं टिपून ठेवलं. जवळपास तीन चतुर्थांश बोलणं म्हणजे काय करायचं, कसं करायचं याच्या सूचना. कौतुक जेमतेम ७ टक्के, नाराजीही साधारण तेवढीच. म्हणजे नुसतं ‘वा वा, शाब्बास’ करणारे सरही मला फारसे उपयोगाचे वाटत नाहीत. पोरं खुश होतात, पण शिकत नाहीत.

तुमच्या प्रश्नाला जास्त लागू पडणारा अभ्यास स्मिथ, स्मॉल आणि बार्नेट यांचा, १९९२ सालचा. मुलांच्या बेसबॉल संघांच्या काही प्रशिक्षकांना त्यांनी बोलण्याचं प्रशिक्षण दिलं: चांगलं केलं तर लगेच सांगा, चुकलं तर धीर देऊन दुरुस्ती सांगा, अपमान करू नका. पुढच्या मोसमात त्यांच्याकडची ५ टक्के मुलं खेळ सोडून गेली. बाकीच्या प्रशिक्षकांकडची गेली २६ टक्के. जिंकण्या-हरण्यात मात्र दोघांत म्हणावा असा फरक नव्हता. ‘गोड बोललं की संघ हरतो’ म्हणणाऱ्यांना मी हेच ऐकवते.

आता कुणीतरी क्रिकेट प्रशिक्षक चंद्रकांत पंडितांचं नाव काढणारच. कडक शिस्तीचा माणूस, आणि २०२२ मध्ये मध्य प्रदेशाला पहिला रणजी करंडक त्यांनीच मिळवून दिला. खरंच आहे. पण पुढं कोलकात्याच्या आयपीएल संघात त्यांची तीच पद्धत काही परदेशी खेळाडूंना रुचली नाही, असं त्या संघातल्या डेव्हिड वीजानं नंतर उघड सांगितलं. जगभर खेळून आलेल्यांना कसं वागायचं, काय घालायचं हे कुणी सांगावं लागत नाही, असं त्याचं म्हणणं. (तोच संघ पंडित असतानाच २०२४ मध्ये जिंकलाही, तेव्हा यावरून एकच निष्कर्ष काढू नका.) मला वाटतं, कडकपणा कोणाला चालतो ते समोरच्यावर असतं. शिवाय तुमची मुलगी तेरा वर्षांची आहे, रणजी खेळणारा मोठा माणूस नाही.

एका बाबतीत मात्र मी अजिबात सूट देत नाही. अंगावर हात टाकणं, वजनावरून, रंगावरून, घरच्यांवरून बोलणं. असलं काही कानावर आलं तर उद्यापासून पाठवू नका, आणि क्लबच्या लोकांना लेखी कळवा.

तसं नसेल तर एखाद्या संध्याकाळी कडेला बसून सराव बघा. घरी परतताना ‘सर आज ओरडले का?’ असं विचारू नका, ‘आज काय करायला सांगितलं?’ असं विचारा. तिला एखादी ठोस गोष्ट सांगता आली तर सर नुसतेच तिखट आहेत. रोजच ‘काही नाही, ओरडले’ एवढंच उत्तर आलं, तर सरांशी बोला. सराव संपल्यावर, इतर मुली नसताना. तक्रार घेऊन जाऊ नका, ‘सर, महिनाभर हिनं नेमकं कशावर काम करावं?’ एवढंच विचारा. त्यांनी ‘उठायची वेळ’ किंवा ‘खांबाजवळचं वळण’ असं काही नेमकं सांगितलं तर महिनाभर थांबून बघा. ‘तिच्यात जिद्दच नाही’ असं म्हणाले, तर दुसरा क्लब शोधा. निवड चाचण्या तोंडावर असतील तर आधी पोरीला विचारा. नवीन मुलींबरोबर खो द्यायची-घ्यायची लय जमायला वेळ लागतो, आणि त्या गडबडीत जायचं की नाही ते तिनंच ठरवलेलं बरं.