माझं मेटाबॉलिझम स्लो आहे का? लेप्टिनची टेस्ट करू का?

तुमचं वजन ९२ किलो, उंची १५८ सेंमी, वय ३८. जिमच्या मशीनने 'मेटाबॉलिक एज ५५' छापून दिलं म्हणून तुम्ही हादरलात. तो कागद आधी फाडा. पाय ठेवून उभं राहायचं ते यंत्र चयापचय मोजत नाही. शरीरातून बारीक वीजप्रवाह सोडून चरबीचा अंदाज घेतं आणि बाकीचं सूत्रात घालून काढतं.

मी खरी मोजणी करून घेतली, तीही नणंदेच्या टोमण्यांना कंटाळून. ती सडपातळ. कुठल्याही समारंभात चारचौघांत म्हणणार, "वहिनी, तुमचं मेटाबॉलिझमच मंद, माझं बघा कसं फास्ट!" मोजणीला उपाशीपोटी जायचं, आडवं पडायचं. डोक्यावर पारदर्शक प्लास्टिकचा घुमट ठेवतात आणि किती ऑक्सिजन घेतला, किती कार्बन डायऑक्साइड सोडला ते यंत्र नोंदवतं. बोलायचं नाही, झोपायचंही नाही. हे दुसरं फार अवघड, घुमटाखाली डोळे मिटायलाच लागतात. माझा विश्रांतीतला दिवसाचा खर्च १,६०० कॅलरीच्या वर आला. नणंदेचं वजन, उंची, वय मिफ्लिनच्या सूत्रात (त्यातून हाच खर्च अंदाजे काढतात) घातलं तर १,२०० सुद्धा भरत नाहीत. यावर तिचं उत्तर, "मशीन बिघडलं असेल."

बिघडलेलं नव्हतं. वजन वाढतं तेव्हा नुसती चरबी वाढत नाही, ती वागवायला स्नायूही वाढतात. एक किलो चरबी विश्रांतीत दिवसाला साडेचार कॅलरी जाळते, एक किलो स्नायू तेरा. म्हणून जाड बाईचा एकूण खर्च बहुधा बारीक बाईपेक्षा जास्तच असतो. 'फास्ट मेटाबॉलिझम'ची बढाई मारणाऱ्यांना हे ऐकवाच.

लेप्टिनची टेस्ट नको. १९९४ साली सापडलेलं, 'पोट भरलं, भूक आवर' असं मेंदूला सांगणारं हे हार्मोन चरबीच्या पेशीच बनवतात. चरबी जास्त तर लेप्टिन जास्त, आणि बायकांत पुरुषांपेक्षा जास्तच. तुमचंही वाढलेलंच निघणार. कमतरता नसते, मेंदू त्याचं ऐकेनासा होतो. जन्मजात लेप्टिन नसणारे फार विरळा, त्यांचं वजन तान्हेपणापासूनच बेसुमार वाढतं. उलट ॲडिपोनेक्टिन हे चरबीतलंच उपयोगी हार्मोन लठ्ठपणात घटतं, पण तेही मोजून औषध बदलत नाही. त्या पैशांत एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर), ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि बीपी बघा. कंबरेचं माप घ्या, ते फुकट आहे. मांड्यांवरच्या चरबीपेक्षा पोटातली चरबी जास्त छळते.

आता नणंदेला सांगू नये अशी गोष्ट. भराभर वजन उतरवलं की चयापचय खरंच मंदावतं, घटलेल्या वजनाच्या हिशेबापेक्षाही जास्त. वजन घटवण्याच्या एका अमेरिकन टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी पुन्हा तपासलं, २०१६ मध्ये निष्कर्ष छापून आले: खर्च अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरींनी कमी. तेव्हा उपासमारीचं डाएट कुणी गळ्यात मारलं तर घेऊ नका.

आणि हो, थायरॉइड तपासलं नसेल तर टीएसएच ही त्याची रक्ततपासणी करून घ्या. थकवा, थंडी वाजणं, पाळीची गडबड असेल तर आधी तेच.