कार्पल टनल: सुई बरी की लेझर?

प्रश्न: दिवसभर कीबोर्डवर काम असतं माझं. चार महिने झाले उजव्या हाताला मुंग्या येतात, रात्री तर हात झटकत उठून बसते. कार्पल टनल आहे म्हणाले. अ‍ॅक्युपंक्चर करून बघायचंय पण सुयांची जाम भीती वाटते, लेझरने तेवढाच फरक पडतो का?

उत्तर: ताई, हात झटकत उठणं ही या दुखण्याची अगदी ओळखीची खूण. मनगटातल्या अरुंद बोगद्यातून मीडियन नर्व्ह जाते, झोपेत मनगट दुमडलं की ती चेपते, मग अंगठा, त्याच्या शेजारची दोन बोटं आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होते. करंगळी सुटते. तुमची करंगळीही बधिर होत असेल तर ते डॉक्टरांना आधी सांगा.

पॉइंट दोन्हीत साधारण तेच, मुख्य म्हणजे मनगटाच्या घडीच्या बरोब्बर मधे, दोन कंडरांच्या (स्नायूंना हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्यांच्या) बेचक्यातला. सुईने तिथे जडपणा, ठणका जाणवतो, आणि खालीच नर्व्ह आहे त्यामुळे कधी करंट लागल्यासारखं पार बोटांपर्यंत जातं, तसं झालं तर लगेच सांगायचं, सोसत बसायचं नाही. लेझर अगदी कमी पॉवरचा, नुसता त्वचेवर टेकवतात, बहुतेकांना काहीच कळत नाही, फक्त डोळ्यांना गॉगल हवा.

पण फरक पडतो का? कोक्रेन या वैद्यकीय अभ्यास पडताळणाऱ्या संस्थेने २०१८ मध्ये सगळे अभ्यास एकत्र तपासले, त्यात सुई काय आणि लेझर काय, खोट्या, म्हणजे नुसत्या दाखवण्यापुरत्या उपचारापेक्षा फारसा फायदा दिसला नाही. त्याच्या आदल्या वर्षी ८० पेशंटवरच्या एका अभ्यासात मात्र त्रास खऱ्या-खोट्या दोन्ही सुयांनी कमी झाला, पण नर्व्हमधून संदेश जाण्याचा वेग खऱ्या सुईनेच सुधारला, आणि त्या सुयांना बारीक करंट जोडलेला होता. त्यामुळे करायचंच असेल तर तुमच्यासाठी लेझर, भीतीने हात आखडून सुया टोचून घेण्यात काही अर्थ नाही.

मात्र स्प्लिंट आधी. मनगट सरळ ठेवणारा आधारपट्टा, रोज रात्री, निदान सहा आठवडे, चार दिवसांत कंटाळून काढू नका हो. शुगर आणि थायरॉइड तपासून घ्या, तिथे गडबड असली तरी हे होतं. आणि आज दोन्ही तळहात शेजारी धरून बघा, उजव्या अंगठ्याच्या बुडाशी असलेला मांसल उंचवटा डाव्यापेक्षा बसलेला वाटला, किंवा बटण लावताना बोटांतून निसटत असेल, तर सुई-लेझर दोन्ही बाजूला ठेवून नर्व्हची टेस्ट करा आणि हाताच्या सर्जनना दाखवा.