मोठी काथवट कातताना लेथची मोटर बसते, मोठी मोटर घ्यावी का?

मोटर बदलू नका, निदान आत्ता तरी. तुम्ही लिहिलंय की ओल्या आंब्याचा १६ इंची ठोकळा लावलाय, १ एचपीची थ्री-फेज मोटर व्हीएफडीवर (मोटरचा वेग कमी-जास्त करणाऱ्या ड्राइव्हवर) चालते, पट्टा मधल्या पुलीवर (लहान-मोठ्या पुल्यांच्या पायऱ्यांपैकी मधल्या पायरीवर) आहे आणि नॉब फिरवून वेग मिनिटाला ४०० फेऱ्यांवर आणलाय. गाउज (कातायचं खोबणीदार हत्यार) कडेला टेकला की लेथ गुरगुरतो आणि थांबतो. माझी पहिली शंका त्या मधल्या पुलीवर आहे. पुण्यात धायरीतल्या माझ्या शेडमध्ये मी हीच चूक जवळजवळ वर्षभर केली.

व्हीएफडीचा नॉब खाली आणल्यावर फेरे कमी होतात, पण मोटरचा पीळ, म्हणजे टॉर्क, वाढत नाही. तुमची मोटर ५० हर्ट्झला साधारण १४४० फेरे घेते आणि तिथेच पूर्ण १ एचपी देते. मधल्या पुल्या सारख्या मापाच्या असतील तर ४०० फेऱ्यांसाठी तिला १४ हर्ट्झवर आणावं लागतं, आणि तिथे ती जेमतेम पाव एचपीचं काम करते. ठोकळ्याच्या कडेवर, म्हणजे मध्यापासून २० सेंटिमीटरवर, उरतो फक्त अडीच किलोचा जोर. एवढा तर आपण गाउज नुसता टेकवतानाच लावतो.

आता पट्टा शेवटच्या पायरीवर टाका, मोटरवर लहान पुली आणि स्पिंडलवर (लाकूड फिरवणाऱ्या दांड्यावर) मोठी. हे प्रमाण एकास अडीच असेल तर त्याच ४०० फेऱ्यांसाठी मोटर ३५ हर्ट्झवर पळेल आणि कडेवर सव्वासहा किलोचा जोर मिळेल. मोटर तीच, फक्त पट्ट्याची जागा बदलली. शिवाय मोटरचा पंखा तिच्याच शाफ्टवर असतो. १४ हर्ट्झला तो फारसा वारा घालत नाही, म्हणून तासाभरात मोटरवर हात ठेवता येत नाही. पट्टा बदलायला दोन मिनिटं लागतात आणि आपण नेमका त्याचाच कंटाळा करतो.

एवढं करूनही थांबत असेल तर थांबतं नक्की काय ते पाहा. दोन्ही पुल्यांवर खडूने एकेक रेघ ओढा. काथवट थांबली आणि मोटरची पुली फिरत राहिली, तर तो पट्टा घसरतोय. व्ही-पट्टा खाचेच्या दोन्ही बाजूंना धरतो, तळाला नाही. माझ्या पट्ट्याचा वरचा काठ पुलीच्या काठापेक्षा तीन मिलिमीटर खाली बसला होता आणि खाचेचा तळ आरशासारखा चकाकत होता. पट्टा झिजून तळाला टेकला होता, त्यामुळे मी कितीही ताणला तरी घसरायचाच. नवा टाकल्याबरोबर निम्मी तक्रार गेली. पुलीला शाफ्टवर घट्ट धरणारा ग्रब स्क्रूही पाहून घ्या. तो ढिला असेल तर शाफ्ट आत फिरतो आणि पुली जागेवर राहते.

मोटरच थांबत असेल तर व्हीएफडीच्या डिस्प्लेवर अँपिअर दिसतील असं सेटिंग करा. नेमप्लेटवरच्या आकड्याच्या आत राहून कातायचं. आठवड्याभरात डिस्प्ले न बघता नुसत्या आवाजावरून कळायला लागतं.

ज्यांच्याकडे सिंगल-फेज मोटर आहे त्यांनी वायर तपासावी. माझी पहिली मोटर तशीच होती. घरातून शेडपर्यंत मी २५ मीटर एक्स्टेंशन ओढलं होतं, वायर १ चौरस मिलिमीटरची. मोकळं चालताना मीटर २२८ व्होल्ट दाखवायचा, मोटर अडायला आली की २००. इंडक्शन मोटरचा टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाने घटतो, म्हणजे ऐन गरजेला जवळपास पाव ताकद गेली. २.५ चौरस मिलिमीटरची वायर टाकली आणि मोटर बदलायचा विचार सोडला. रन कपॅसिटर जुना असेल तर तोही बदला, पण हात लावण्यापूर्वी तो डिस्चार्ज करून घ्या.

लाकडाकडेही तेवढंच लक्ष द्या. चौकोनी ठोकळा लेथवर चढवू नका. भवानी पेठेत टिंबर मार्केटात बँडसॉवर कोपरे काढून घ्या, निदान अष्टकोनी तरी करा. प्रत्येक कोपरा गाउजवर आदळतो आणि प्रत्येक वेळी मोटरला हिसका बसतो. साल आधीच सोलून टाका. पावसाळ्यात पडलेल्या झाडाच्या सालीत माती आणि वाळू भरलेली असते, ती पाच मिनिटांत धार खाते. बोथट गाउज कापत नाही, दाबतो, आणि तो दाब मोटरला पेलावा लागतो. रफ करताना, म्हणजे पहिला ओबडधोबड आकार देताना, मी दर दहा-पंधरा मिनिटांनी धार लावतो.

बाहेरून कातताना बुडाकडून कडेकडे या. १२ मिलिमीटरचा गाउज पुरतो. बेव्हल (धारेमागचा तिरका भाग) लाकडाला टेकलेला असू द्या आणि चार-पाच मिलिमीटर रुंदीचीच ढलपी काढा. रुंद स्क्रेपर रफिंगला अजिबात नको. त्याची सगळी धार एकदम लाकडाला लागते आणि कुठलीही छोटी मोटर तिथेच बसते.

आतून पोखरताना हिशोब उलटा होतो. शेवटच्या पायरीवर मध्यापासून ५ सेंटिमीटरवर हीच मोटर जवळपास पंचवीस किलो रेटते. म्हणून आधी मधे खळगा करा, मग प्रत्येक फेरीला थोडं बाहेरून सुरुवात करून मध्याकडे उतरा. जाड ढलपी मधे, पातळ कडेला. १६ इंचाला ४० मिलिमीटर जाडी ठेवून थांबा. ती सुकताना वाकणारच आहे, दुसऱ्यांदा कातायला एवढं लाकूड लागतं.

आणि लेथ थांबलाच तर आधी गाउज मागे घ्या, मग लगेच स्विच बंद करा. व्हीएफडी नसलेली मोटर अडकली तर नेहमीच्या पाच-सहा पट करंट ओढू शकते आणि पंखा बंद असल्याने वाइंडिंग काही क्षणांत तापतं. स्विच चालू ठेवून ठोकळा हाताने फिरवून सोडवायला जाऊ नका, तो सुटतो तेव्हा पूर्ण जोराने सुटतो. पट्टा मात्र फार ताणू नका. गाउज कचकन अडकला तर पट्टा घसरलेला परवडतो, नाहीतर तो हिसका चकमधल्या (लाकूड धरणाऱ्या पकडीतल्या) लाकडावर येतो आणि ओला आंबा तिथून उखडतो.

पट्टा हलवून पाहिलात की डिस्प्लेवर किती अँपिअर दिसतात ते इथेच लिहा, मग पुढचं बघू.