दोन्ही करू की एक सोडू?

"ताई, दोन दगडांवर पाय ठेवलेत, त्यामुळे धड काहीच होत नाही. एक सोडून देऊ का?" हा प्रश्न माझ्या समुपदेशनाच्या खोलीत इतक्यांनी विचारलाय की आता समोरचा माणूस खुर्चीत कसा बसतो यावरूनच मला या प्रश्नाचा वास लागतो. बँकेतून निवृत्त झाल्यावर गाणं आणि जलरंग दोन्ही धरलेले गृहस्थ, भरतनाट्यम आणि गझल यांत अडकलेली विद्यापीठातली मुलगी, असे कितीतरी. बडोद्यात हा आजार जरा जास्तच, असं माझं मत. ज्या गावात सयाजीरावांनी 1886 सालीच गायक मौलाबक्षांच्या हाती गायनशाळा सोपवली, तिथे घरटी एक कला असायची, आणि काही घरांत एकाच डोक्यात दोन.

त्यातली ही एक गोष्ट, ओळख पटू नये इतके तपशील बदलून. फतेगंजातल्या या बाईंना सगळे टीचर म्हणतात, मीही तेच म्हणते. मराठी ख्रिस्ती घर, तीन पिढ्या बडोद्यात. चर्चमध्ये हँडबेलचा गट चालवतात. दोन सप्तकांच्या पंचवीस घंटा आहेत, काशाच्या, लाकडी पेटीत मखमलीत ठेवलेल्या. एकेक घंटा म्हणजे एकेक सूर. वाजवणाऱ्याच्या दोन हातांत दोन घंटा, आणि सगळे मिळून एक धून. या वाद्यासाठी लिहिलेलं संगीत बहुतेक सगळं इंग्रजी-अमेरिकन, म्हणून टीचर स्वतःच रचना करतात. ख्रिस्ती कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांची पदं घंटांवर बसवायची हा त्यांचा ध्यास. ते सोपं नाही, कारण घंटेला मींड नाही. सूर घसरत दुसऱ्या सुरावर जाऊच शकत नाही, म्हणून चाल मोडून पुन्हा बांधावी लागते.

आणि याच टीचर कथा लिहितात. चांगल्या लिहितात. दोन दिवाळी अंकांत आल्यात, बाकीच्या साभार परत.

पहिल्या भेटींत आम्ही वेळापत्रकच करत बसलो. सकाळी कथा, संध्याकाळी घंटा, रविवारी काहीच नाही. दर वेळी त्या आठवड्याभरात वेळापत्रक मोडून यायच्या आणि अपराधी चेहऱ्याने वही पुढे करायच्या. त्या वहीत तालमीची हजेरी, टपालाची नोंद, दूधवाल्याचा हिशेब, सगळं एकत्र. एकदा मी म्हटलं, "टीचर, 'एक सोडावं' असं जिथे जिथे लिहिलंय, तिथे खूण करा बघू."

त्यांनी लाल पेन्सिल काढली. हँडबेलमध्ये सगळ्यांपुढे पूर्ण स्वरलिपी असते आणि जो तो आपल्या दोन सुरांभोवती गोल करतो, त्यामुळे गोल करायचा हात सरावलेला. चार-पाच पानं झाली आणि हात थांबला.

"ताई, प्रत्येक ठिकाणी आदल्या दिवशी कथा परत आलीय."

"वेळ कमी पडला म्हणून कुठे लिहिलंय?"

"कुठेच नाही." मग जरा वेळाने, "नोव्हेंबर-डिसेंबरात तर मला श्वास घ्यायला वेळ नसतो. तेव्हा हा विचार एकदाही आलेला नाही."

मी पुढचा प्रश्न विचारला. "समजा बेल्स सोडल्या. वर्षभर फक्त लिहिलंत. आणि तरी कथा परत आली तर?"

बराच वेळ त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. "मग मला लिहिताच येत नाही, असं ठरेल."

आता खरं दुखणं समोर आलं. घंटा ही अडचण नव्हती, आडोसा होता. 'वेळ मिळाला नाही' म्हणायची सोय असेपर्यंत कथा परत आल्याचा घाव थेट लागत नव्हता. मी अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डॉ. अल्बर्ट एलिस यांच्या मुशीतली, त्यामुळे भावनेच्या मागे दडलेलं वाक्य शोधणं हा माझ्या हाताचा मळ. वाक्य सापडलं होतं: संपादकाने कथा नाकारली म्हणजे मी नाकारली गेले. खुद्द एलिस यांच्याकडे अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत कथा-नाटकांची दोनेक डझन हस्तलिखितं पडून होती, छापली गेली नव्हती. पुढे त्यांनी मानसोपचाराची दिशा बदलली, आणि लोकप्रिय चालींवर विनोदी गाणी रचायचा नाद मात्र म्हातारपणीही सोडला नाही. हे सांगितल्यावर टीचर पहिल्यांदा मोकळं हसल्या.

मग मी विचारलं, घंटांच्या रचनेत कुणी खोट काढली तर? त्या सहज म्हणाल्या, "रोजच काढतात की. परवा एफ आणि जी या सुरांच्या घंटा धरणारी पोरगी म्हणाली, टीचर, इथे एफ, एफ शार्प, जी, जी शार्प लागोपाठ लिहिलेत, मला हात दोनच आहेत. खोडलं, बदललं."

"रडलात?"

"त्यात रडायचं काय?"

या उत्तरावर आम्ही खूप रेंगाळलो. मला स्वतःलाही त्या दिवशी नवं काही दिसलं, ते असं. रचनेला तालीम मिळते. दहा-बारा जण वाजवून बघतात आणि पाच मिनिटांत सांगतात कुठे अडतंय. कथा मात्र टेबलावरून उठून थेट संपादकाकडे, आणि सहा महिन्यांनी येतो तो फक्त होकार किंवा नकार. नकार बोचतो तो बराचसा त्यामुळे. म्हणून टीचरना मी सांगितलं, कथेलाही तालीम द्या. दोन वाचक शोधा, नात्यातले नकोत. 'छान आहे' म्हणायला बंदी. कुठे कंटाळा आला तेवढंच त्यांनी समासात खुणेने दाखवायचं.

लिहिणं आणि पाठवणं ही कामंही वेगळी करायला लावली. पाठवणं हे कारकुनी काम आहे, ते महिन्याच्या ठरावीक दिवशी हिशेबाच्या वहीसारखं करावं. एक कथा एका वेळी एकाच संपादकाकडे. पाठवली की दुसऱ्या दिवशी घंटांकडे वळायचं, पोस्टमनची किंवा ईमेलची वाट बघत बसायचं नाही. तासांची वाटणी मी रद्दच केली आणि ऋतूंची केली. 1909 साली 'मनोरंजन' मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून मराठी कथेला एक हंगाम आहे. अंक दिवाळीत येतो, पण संपादकांची जुळवाजुळव उन्हाळ्यापासून चालते आणि गणपतीपर्यंत बहुतेक अंक भरलेले असतात. घंटांचा हंगाम नाताळचा. म्हणजे जानेवारी ते आषाढ कथा, पुढे घंटा. भांडण कुठे आहे?

घंटांच्या रचना परदेशी प्रकाशकांकडे पाठवायला त्या भीत नव्हत्या, तिथे फक्त शिस्त हवी होती: संगणकावर नीट उतरवलेली स्वरलिपी आणि सुरुवातीलाच कोणकोणत्या घंटा लागतील त्याचा तक्ता. रेव्हरंड टिळक 1919 मध्ये गेले, आपल्याकडे हक्क लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, तेव्हा त्यांचे शब्द मोकळे आहेत. चाल हयात माणसाची असेल तर मात्र आधी लेखी परवानगी.

'पैसे द्या, पुस्तक काढतो' म्हणणाऱ्यांविषयीही त्यांनी विचारलं. खुशाल काढा, म्हटलं. फक्त ती छपाई आहे, निवड नाही, हे कळून पैसे द्या.

एवढं वाचूनही कुणी विचारेल, पण खरंच एक सोडायचं असेल तर? सोडा की. कला म्हणजे काही लग्न नाही. पण तो निर्णय साभार परतीच्या आठवड्यात घेऊ नका. टीचरना मी तीन महिने काहीही न सोडता काढायला सांगितलं होतं. मुदत संपल्यावर त्यांनी वहीतली पानं उलटून पाहिली, वेळ नक्की कुठे जातो ते मोजलं, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीपदाचा राजीनामा दिला.